आडनाव तान, धर्म इस्लाम

मलेशियातल्या चिनी समाजातून इस्लाम स्वीकारणाऱ्यांबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. २०२० च्या जनगणनेनुसार मलेशियाच्या नागरिकांत चिनी सुमारे २३ टक्के आहेत आणि त्यांच्यात मुसलमान शंभरात जेमतेम एक. संख्या लहान असली तरी अडचणी खऱ्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा श्रद्धेच्या नसून कागदपत्रांच्या, स्वयंपाकघराच्या आणि आईवडिलांशी न बोलल्याच्या आहेत.

प्रश्न : मी क्वालालंपूरला नोकरी करते. माझ्या चिनी, बौद्ध मैत्रिणीचं एका मलय मुलाशी लग्न ठरतंय. तिने धर्म बदलायलाच हवा का? नेमकं काय काय करावं लागतं?
(वाचक, क्वालालंपूर, मूळ पुणे)

हो, बदलावा लागेल. मलेशियात नागरी विवाहाचा १९७६ चा कायदा मुसलमानांना लागू होत नाही. त्यांचं लग्न राज्याच्या शरिया कायद्याखालीच नोंदलं जातं. मुलगी ख्रिश्चन असती तर चाललं असतं का, असंही अनेकजण विचारतात. मुसलमान पुरुषाला ‘किताबिया’, म्हणजे ख्रिश्चन किंवा ज्यू, स्त्रीशी लग्न करता येतं, पण कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ख्रिश्चन स्त्रीचे पूर्वज पैगंबर मुहम्मदांच्या आधीपासून ख्रिश्चन असायला हवेत. चिनी ख्रिश्चन कुटुंब या व्याख्येत बसणं जवळपास अशक्य.

क्वालालंपूरला १९९३ चा संघीय प्रदेशांचा इस्लामी प्रशासन कायदा लागतो. त्याच्या ८५व्या कलमात तीनच अटी आहेत : कलिम्याची, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेच्या ग्वाहीची, दोन्ही वाक्यं समजतील इतपत अरबीत उच्चारायची, त्यांचा अर्थ त्या क्षणी ठाऊक असायला हवा, आणि हे सारं स्वतःच्या मर्जीने व्हायला हवं. ज्याला बोलता येत नाही त्याने खुणेने केलं तरी चालतं. वय १८ पूर्ण हवं. नसेल तर पालकांची संमती लागते. उच्चाराची धास्ती बाळगू नये. शिकवणारे वाक्य तोडून तोडून म्हणवून घेतात, आणि ‘र’ चा ‘ल’ झाला म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत.

प्रत्यक्षात ती राज्याच्या धार्मिक खात्यात किंवा ‘पर्किम’च्या कार्यालयात जाईल. पर्किम ही १९६० साली तुंकू अब्दुल रहमान यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था. ओळखपत्र, म्हणजे मायकाड, त्याची प्रत आणि फोटो बरोबर न्यायचे. अधिकारी आणि दोन साक्षीदारांसमोर कलिमा म्हणायचा, नोंदवहीत सही करायची. मग धर्मांतराचा दाखला मिळतो. तो घेऊन राष्ट्रीय नोंदणी खात्यात मायकाड बदलायचं. नव्या कार्डाच्या दर्शनी बाजूवर ‘इस्लाम’ छापलेलं असतं.

घाई नडते ती इथे. हॉल आधी ठरतो, पत्रिका छापल्या जातात आणि धर्मांतर शेवटच्या पंधरवड्यात उरकलं जातं. पण दाखला हातात आल्याशिवाय विवाहपूर्व वर्ग आणि लग्नाचा अर्ज पुढे सरकत नाही. शिवाय तिचे वडील मुसलमान नाहीत, त्यामुळे ते निकाहात ‘वली’, म्हणजे वधूतर्फे लग्न लावून देणारा पालक, होऊ शकत नाहीत. त्यांच्या जागी ‘वली हाकिम’, म्हणजे अधिकृत नेमलेला वली, उभा राहतो आणि त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मलेशियात धर्म हा राज्याचा विषय आहे. धर्मांतर सेलांगोरमध्ये, लग्न पेनांगला आणि मायकाडवर पत्ता जोहोरचा असेल तर प्रत्येक टेबलावर एक खेप जास्त होते. म्हणून किमान चार महिने हाताशी ठेवावेत. आणि पहिली पायरी कार्यालयाची नाही, घरची आहे. आईवडिलांना हे दाखल्याच्या आधी कळायला हवं.

प्रश्न : मग ती ‘मलय’ होते का? आणि तिचं चिनी नाव जातं का?
(वाचक, ठाणे)

दोन्हींचं उत्तर नाही. ‘हो’ असा समज मात्र फार पक्का आहे. मलय लोक धर्मांतराला सर्रास ‘मासुक मलायू’ म्हणतात, म्हणजे मलयांत शिरणं. हॉकियन बोलणारे चिनी ‘जिप हुआन’ म्हणतात, आणि त्या शब्दात ‘आपल्यातून गेला’ असा कडवट सूर असतो. आईला रडू येतं ते बहुधा या समजुतीमुळे. देव बदलला यापेक्षा मूल परकं झालं, कुळातून नाव पुसलं गेलं, याचं दुःख तिला जास्त असतं.

राज्यघटनेच्या १६०व्या कलमानुसार मलय म्हणजे जो इस्लाम मानतो, रोजच्या व्यवहारात मलय बोलतो आणि मलय रीती पाळतो. त्याशिवाय स्वातंत्र्याच्या दिवसाशी बांधलेली जन्माची, अधिवासाची अटही आहे. नुसतं मुसलमान होऊन भागत नाही. भूमिपुत्रांच्या, म्हणजे मलय आणि मूळ रहिवाशांच्या, सवलतीही धर्मांतराने आपोआप मिळत नाहीत. १९७१ नंतरच्या नव्या आर्थिक धोरणाच्या काळात काहीजण त्या आशेने आले आणि निराश झाले. सवलतीसाठी धर्म बदलू पाहणाऱ्याला जवळच्या माणसाने हे आधीच स्पष्ट सांगावं.

नावाचं म्हणाल तर पूर्वी सरसकट ‘बिन अब्दुल्ला’ किंवा ‘बिन्ती अब्दुल्ला’ लावायची पद्धत होती. तान मेइ लिंगची ‘आयशा बिन्ती अब्दुल्ला’ व्हायची आणि खऱ्या बापाचं नाव कागदावरून गायब व्हायचं. धर्मशास्त्राला हे हवंच असं मुळीच नाही. कुराणातल्या सूरा अल्-अहजाबच्या पाचव्या आयतीत माणसाला त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने ओळखा असंच सांगितलं आहे. आज आडनाव आणि मूळ नाव ठेवता येतं. ‘आयशा तान मेइ लिंग’ हे नाव घरच्यांनाही झेपतं आणि बँकेलाही. आमचा सल्ला असा की मूळ नाव जसंच्या तसं राहू द्यावं आणि हवं असल्यास पुढे एक मुस्लिम नाव जोडावं. पूर्ण नाव बदललं की पदवी, पासपोर्ट, घराचं खरेदीखत, विमा सगळीकडे ‘ही तीच व्यक्ती’ हे सिद्ध करत बसावं लागतं. अर्ज भरतानाच नाव हवं तसं लिहून घ्यावं; कार्ड छापल्यावर दुरुस्ती करणं जिकिरीचं.

प्रश्न : आम्ही कोकणी मुसलमान शाफई आहोत. चिनी मुसलमान हनफी असतात असं ऐकलं. मलेशियात ते काय पाळतात?
(वाचक, दापोली)

शाफई आणि हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. तुम्ही ऐकलंत ते चीनमधल्या हुई मुसलमानांबद्दल खरं आहे. ते हनफी आहेत. पण मलेशियातले बहुतेक चिनी फुजियान आणि ग्वांगडोंगमधून आलेल्या बिगरमुस्लिम कुटुंबांतले, हॉकियन, कँटोनीज, हक्का, तिओच्यू बोलणारे. त्यांच्यातला मुसलमान साधारणपणे नव्याने झालेला असतो, आणि तो मलय गुरूंकडून शिकतो म्हणून शाफई रीत उचलतो. हुई घराण्यांतले थोडे लोकही तिथे आले. इपोहला चीनच्या राष्ट्रवादी सरकारचे वाणिज्यदूत म्हणून आलेले हाजी इब्राहिम मा हे त्यांतले सर्वांत परिचित. पर्किमच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९९४ मध्ये मलेशियन चिनी मुसलमानांची स्वतःची संघटना, ‘माक्मा’, स्थापन झाली.

थोडक्यात, तुम्ही क्वालालंपूरच्या मशिदीत पहाटेच्या नमाजाला उभे राहिलात तर कुनूतची दुआ तुमच्या गावासारखीच ऐकू येईल. उत्तर भारतातल्या हनफी पाहुण्याला ती नवी वाटेल. समुद्रातल्या जिन्नसांबाबतही शाफई मत सैल आहे. कोळंबीवर वाद नाही हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : चिनी स्वयंपाकात डुकराची चरबी आणि मद्य असतंच. धर्मांतरित मुलगा आईच्या घरी जेवतो कसा?
(वाचक, नाशिक)

नातं टिकणं किंवा तुटणं पुष्कळदा ओट्यापाशीच ठरतं, म्हणून याचं उत्तर जरा लांबवतो.

अडचण नुसत्या मांसाची नसते. परतलेल्या नूडल्सवर चरबीचे कुरकुरीत तुकडे घातलेले असतात, वाफवलेल्या माशावर शाओशिंग मद्याचा शिडकावा असतो, आणि रोजच्या वोकमध्ये, म्हणजे चिनी कढईत, चरबीचा वास वर्षानुवर्षं मुरलेला असतो. शाफई मतात डुक्कर आणि कुत्रा यांचा ओला स्पर्श ही जड अशुद्धी. ती काढण्याच्या रीतीला मलयमध्ये ‘सर्तू’ म्हणतात.

सर्तू अशी करतात. आधी चिकटलेली चरबी, खरकटं, तेल साबणाने घासून पूर्ण काढायचं. हे मोजणीत धरत नाहीत. मग सात वेळा पाणी; त्यांतल्या एका वेळी, शक्यतो पहिल्याच, पाण्यात स्वच्छ माती कालवायची. पाणी गढूळ दिसेल इतकी माती पुरे, चिखल नको. ते पाणी भांड्याच्या आतबाहेर, कडेला, दांड्याच्या सांध्यात सगळीकडे पोचलं पाहिजे. नंतर सहा वेळा साधं पाणी. लोक चुकतात ते असं : चरबीचा थर तसाच ठेवून माती लावतात, म्हणजे पाणी भांड्याला लागतच नाही, किंवा माती न घेता सात वेळा साबण लावतात. स्टील आणि काच सहज निघते. चिरण्याचे लाकडी पाट आणि बांबूच्या टोपल्यांत चरबी आत मुरलेली असते. त्या सरळ नव्या घेतलेल्या बऱ्या. हे एकदाच करायचं असतं. नेमकी अशुद्धी लागल्याचं ठाऊक नसताना दर भेटीला आईची भांडी मातीने घासत बसणं धर्माला नको आहे, आणि आईचा त्यात अपमान होतो.

घरात कुत्रा असेल तर कोरडा हात कोरड्या अंगाला लागल्याने काही होत नाही. लाळ किंवा ओलं अंग लागलं तरच सर्तू. नमाजाची चटई कपाटात वर ठेवली की रोजचा प्रश्न मिटतो.

आईकडे जाताना मुलाने एक वोक, एक पाट, एक सुरी आणि एक झारा आपल्या पैशाने आणून तिच्याच ओट्यावर वेगळ्या फळीवर ठेवावा. ऑयस्टर सॉस, सोया सॉस हलाल छाप्याचे मिळतात. मासा आल्याच्या चकत्या, कांद्याची पात, हलाल सोया सॉस आणि वरून ओतलेलं कडकडीत तेल एवढ्यावर उत्तम होतो. मद्य गेल्याचं आजीला कळेल, पण मासा मात्र तिच्याच हातचा राहील.

प्रश्न : चिनी नववर्ष, पितरांची पूजा, आईवडिलांची अंत्ययात्रा. थोरल्या मुलाने काय करायचं?
(वाचक, कोल्हापूर)

नववर्ष हा सण म्हणून साजरा करायला अडचण नाही. आदल्या रात्रीच्या एकत्र जेवणाला जाणं, लाल पाकिटातलं आंगपाव देणंघेणं, संत्री, यी संग (कच्च्या माशाची कोशिंबीर) सगळ्यांनी मिळून उडवणं, थोरांना चहा देणं हे सगळं चालतं. चालत नाही ते पूजेचं : उदबत्ती धरणं, देवापुढे किंवा पूर्वजांच्या पाटीपुढे वाकणं, कागदी पैसे जाळणं. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, तेव्हा कुटुंब थडग्यांवर जातं. तिथे गवत काढणं, दगड धुणं, अक्षरांवर नवा रंग भरणं हे मुलगा अवश्य करू शकतो. आणि ते त्याने इतरांच्या आधी पोचून करावं.

खरी कसोटी वडील गेल्यावर. चिनी रीतीत थोरला मुलगा उदबत्तीचं पात्र धरतो, मिरवणुकीत पुढे चालतो, गुडघे टेकतो. आपल्याकडे थोरल्याने पिंडाला हात लावायला नकार दिला तर घरात काय होईल याची कल्पना करा. म्हणून हे बोलणं वडील धडधाकट असतानाच व्हायला हवं : पात्र धाकटा भाऊ किंवा पुतण्या धरेल, फोटो थोरला धरेल, पाहुण्यांची ऊठबस, शववाहिकेचा आणि मंडपाचा खर्च, रात्रीचं जागरण थोरल्याकडे. तीन, पाच किंवा सात दिवस माणसं येत असतात. थोरला मुलगा दारात उभा राहून प्रत्येकाचं स्वागत करत असेल तर हातात उदबत्ती नाही हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. दूर उभा राहिलेला मुलगा मात्र वर्षानुवर्षं आठवतो.

प्रश्न : धर्मांतरित मुलाच्या पश्चात त्याच्या बिगरमुस्लिम आईवडिलांना काही मिळतं का?
(वाचक, पणजी)

काही करून ठेवलं नाही तर वारसा म्हणून काहीच नाही. मलेशियात मुसलमानाची मालमत्ता फराईद, म्हणजे इस्लामी वारसा नियमांप्रमाणे, वाटली जाते आणि त्यात बिगरमुस्लिम नातेवाइकाला हिस्सा नाही. अविवाहित मुलगा गेला आणि त्याला एकही मुस्लिम वारस नसला तर मालमत्ता राज्याच्या बैतुलमालकडे, म्हणजे मुस्लिम कोषाकडे, जाते. म्हाताऱ्या आईला हे अंत्यविधीनंतर कळणं फार क्रूर आहे, आणि ते टाळणं पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

वाटा तीन आहेत. पहिली ‘वसियत’ : कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत वारस नसलेल्याला देता येतं, आणि बिगरमुस्लिम आई ही या अर्थाने वारस नाही, म्हणून तिला देता येतं. समजा मालमत्ता ९ लाख रिंगिटची, देणी ९० हजार. उरले ८ लाख १० हजार. वसियतीने आईला जास्तीत जास्त २ लाख ७० हजार. राहिलेल्या ५ लाख ४० हजारांपैकी मुस्लिम पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ६७ हजार ५००, आणि एकच मुलगा असेल तर त्याला ४ लाख ७२ हजार ५००. वसियत नसती तर आईच्या नावापुढे शून्य.

दुसरी वाट ‘हिबा’, जिवंतपणी दिलेली भेट. तिला एक तृतीयांशाची मर्यादा नाही, पण देणं, घेणं आणि ताबा तिन्ही खरोखर व्हायला हवं. ‘फ्लॅट आईचा’ असं नुसतं तोंडी म्हणून कर्जाचा फ्लॅट स्वतःच्याच नावावर ठेवला तर पुढे तो हिबा टिकत नाही. तिसरी तकाफुल, म्हणजे इस्लामी विमा : त्यात सशर्त हिबा म्हणून आईचं नाव लिहिता येतं.

इथे हमखास होणारी चूक भविष्य निर्वाह निधीची. बिगरमुस्लिम सदस्याने नेमलेल्या व्यक्तीला पैसे स्वतःसाठी मिळतात. मुस्लिम सदस्याने नेमलेली व्यक्ती फक्त व्यवस्थापक ठरते. तिने ते पैसे फराईदप्रमाणे वाटायचे असतात. ‘आईचं नाव आहेच की’ म्हणून लोक निर्धास्त राहतात. मायकाड बदललं त्याच आठवड्यात हे सगळे अर्ज पुन्हा उघडून बघावेत. उलट बाजूने, आईवडिलांना मुलाला काही द्यायचं असेल तर त्यांनी मृत्युपत्रात तसं स्पष्ट लिहावं.

धर्मांतर लपवून ठेवणं तर सर्वांत वाईट. मुसलमानाचं दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा एका दिवसात होतं. चिनी घरात तोवर मंडपही उभा राहिलेला नसतो. २००५ मध्ये एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी झालेले एम. मूर्ती वारले तेव्हा पत्नीला धर्मांतर ठाऊकच नसल्याने शवागारापासून न्यायालयापर्यंत वाद गेला. ते तमिळ होते, पण असा प्रसंग चिनी घरांवरही आलेला आहे. दाखल्याची एक प्रत घरच्यांकडे असावी, एवढंच.

प्रश्न : नवराबायको दोघं चिनी, एकानेच धर्म बदलला. लग्नाचं आणि मुलांचं काय?
(वाचक, पुणे)

लग्न नागरी कायद्याखालचं असल्याने ते नागरी न्यायालयातच सोडवावं लागतं. पूर्वी धर्म न बदललेल्या जोडीदारालाच या कारणावरून घटस्फोट मागता येई. १५ डिसेंबर २०१८ पासून दोघांपैकी कुणालाही किंवा दोघांनी मिळून अर्ज करता येतो. त्याच दुरुस्तीने ५१अ कलम आलं : लग्न मोडण्याआधीच धर्मांतरित व्यक्ती वारली तर तिच्या मालमत्तेत जोडीदाराचा आणि मुलांचा दावा ऐकला जातो.

मुलांच्या धर्माबद्दलची तरतूद त्या विधेयकातून वगळली गेली होती. पण २९ जानेवारी २०१८ ला संघीय न्यायालयाने एम. इंदिरा गांधी यांच्या खटल्यात निकाल दिला की नागरी विवाहातल्या अल्पवयीन मुलांच्या धर्मांतराला आई आणि वडील दोघांचीही संमती हवी. एकाने परस्पर नोंद केली असेल तर दुसऱ्याने वेळ न दवडता नागरी न्यायालयात जावं.

प्रश्न : पुढे लग्न मोडलं तर मूळ धर्मात परतता येतं का?
(वाचक, नागपूर)

फार अवघड. २००७ च्या लीना जॉय निकालानंतर मायकाडवरचा ‘इस्लाम’ शब्द काढण्यासाठी शरिया न्यायालयाचा आदेश लागतो हे पक्कं झालं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही ठिकाणी समुपदेशन, काही ठिकाणी शिक्षा. २००८ मध्ये पेनांगच्या शरिया न्यायालयाने एका चिनी स्त्रीला परवानगी दिली. तिने लग्नासाठी इस्लाम स्वीकारला होता, नवरा सोडून गेला होता आणि तिने तो धर्म प्रत्यक्षात कधी पाळलाच नव्हता, हे न्यायालयाने मानलं. अशी उदाहरणं विरळा. म्हणून केवळ लग्नाची अट म्हणून सही करणाऱ्या मुलीला हा परिच्छेद आधी वाचून दाखवा.

प्रश्न : इंडोनेशियात असंच आहे का?
(वाचक, मुंबई)

तिथे ‘मलय’ व्हायचा प्रश्न नाही. उलट सुहार्तोंच्या काळात १९६७ च्या आदेशाने चिनी रीतिरिवाज सार्वजनिक जागेतून हद्दपार झाले होते. तो आदेश २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुररहमान वाहिद यांनी रद्द केला. अब्दुल करीम ओइ यांनी १९६१ मध्ये स्थापलेल्या ‘पीती’ या चिनी मुसलमानांच्या संघटनेलाही मधल्या काळात नावातला ‘चिनी’ हा शब्द सोडावा लागला होता. आज सुराबायातली चेंग हो मशीद बघा : लाल, हिरवी, पिवळी, पॅगोडासारखं अष्टकोनी छत, मुख्य वास्तू ११ बाय ९ मीटर. यातले ९ जावातल्या नऊ संतांसाठी (तिथे त्यांनाही ‘वली’ म्हणतात), ८ कोन चिनी शुभचिन्हासाठी.

प्रश्न : चिनी-मलय लग्नाला आहेर काय न्यावा?
(वाचक, क्वालालंपूर)

मुलीकडच्या जेवणाला लाल पाकीट, सम आकड्याची रक्कम, पण ४ चा आकडा टाळून. चिनी भाषांत त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. मलय बाजूला यजमानाशी हात मिळवताना पाकीट हातात सरकवतात, आणि परतताना तुम्हाला उकडलेलं अंडं किंवा तशीच छोटी भेट मिळते. मिठाई नेलीत तर हलाल छाप बघून घ्या, म्हणजे ती दोन्ही घरी उघडता येईल.